पायातलं पावणं

खोली बघायला गेले तेव्हा फोरमनकाकांनी मला गाव विचारलं नाही, लग्नाचं कुठवर आलंय तेही विचारलं नाही. पोर्चमधल्या खुर्चीत बसून डावा पाय स्टुलावर ठेवला होता. मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "घड्याळ किती पुढं ठेवता?"

मी खरं ते सांगितलं. दहा मिनिटं. गारगोटीला आमच्या घरी पंधरा मिनिटं पुढे असायचं, त्यामानाने मी सुधारलेली होते.

"म्हंजे तुमच्यात आठ वाजत्यात तवा खरं किती झाल्यालं असतंय?"

"सात पन्नास."

"आणि ते तुमाला म्हाईत असतंय."

"हो."

"मग फसवताय कुणाला?"

आतून काकूंचा आवाज आला, "अवो, ती भाड्यानं ऱ्हायला आलीया, तुमच्या शिफ्टला न्हाय." खोली मला मिळाली. पण सामान टाकलं त्या दिवशी काका जिना चढून वर आले, माझं भिंतीवरचं घड्याळ काढून दहा मिनिटं मागे केलं आणि मगच किल्ली हातात दिली. कोल्हापूरजवळच्या कळंब्यातल्या त्या घरात मी तीन वर्षं काढली.

गल्लीत त्यांना सगळे फोरमनच म्हणत. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात लोखंडाचे भाग भट्टीत तापवून कडक करायचं खातं त्यांच्याकडे होतं. माल चार मिनिटं जास्त राहिला तर तडकणार, चार मिनिटं कमी राहिला तर झिजणार. निम्मं आयुष्य त्यांनी भट्टीच्या दारात घड्याळ बघत आणि बिड्या ओढत घालवलं. घड्याळाने नोकरी दिली आणि बिड्यांनी डाव्या पायाची रक्तवाहिनी बंद केली. डॉक्टरांनी आधी तिथे कृत्रिम नळी बसवली, तर तिच्यात पू झाला. शेवटी ती काढून, मरणानंतर कुणीतरी दान केलेली माणसाची रक्तवाहिनी मांडीपासून पोटरीपर्यंत जोडली. पाय वाचला, आणि फोरमनकाकांना आयुष्यभरासाठी बारा-बारा तासांनी घ्यायची एक गोळी लागली.

ही गोळी कशासाठी, हे मी लॅब टेक्निशियन असून मला त्यांच्याकडूनच नीट कळलं. आमच्या कोर्सच्या पुस्तकात दोन पानं होती, काकांनी ते चार वाक्यांत बसवलं.

"अंग म्हंजे भावकी. परकं माणूस घरात दिसलं की भावकी उठलीच काठ्या घिऊन. ह्ये पायातलं पावणं परकं हाय. गोळी भावकीला गुंगीत ठेवती. गोळी उशिरा गेली की भावकी जागी, पावण्याला हाकलणार. जास्त गेली तर भावकी एवढी झोपणार की चोर शिरला तरी उठायची न्हाय. म्हणून येळ. आठ म्हंजे आठ."

त्या दिवसापासून त्या रक्तवाहिनीचं नाव पावणंच पडलं. दूधवालासुद्धा सकाळी किटली ठेवताना विचारायचा, "फोरमन, पावणं बरं हाय न्हवं?"

सकाळचे आठ आणि संध्याकाळचे आठ. यात गोळी रिकाम्या पोटी घ्यायची, म्हणून संध्याकाळी सहा ते नऊ त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही जात नसे. आता कोल्हापुरात संध्याकाळी सहा ते नऊ काही न खाणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजणार नाही. त्या वेळात इथे सगळं गाव काहीतरी खात असतं, आणि जो खात नाही त्याला आजारी तरी समजतात नाहीतर रुसलेला. काका रुसलेले नाहीत हे सांगता सांगता काकूंचं तोंड दुखायचं.

शिवाय काकांना दुसऱ्यांच्या घड्याळांचा राग होता. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून ते सकाळी साडेआठला निघून कळंब्याच्या तळ्यापर्यंत जाऊन येत, आणि वाटेत ज्याचं दार उघडं दिसेल त्याच्या भिंतीकडे बघत. "तुमचं सात मिन्टं पुढं हाय." समोरचा शांतपणे सांगे, "मुद्दाम ठेवलंय की." सलूनवाल्याने एकदा त्यांना सांगितलं की त्याचं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे, कारण ते रोज दोन मिनिटं मागे पडतं, म्हणजे दहा दिवसांतून एकदा बरोबर होतं. काकांनी त्या दिवशी त्याच्याकडून दाढी करून घेतली नाही. असल्या डोक्याच्या माणसाच्या हातात वस्तरा नको, म्हणाले.

गडमुडशिंगी हे काकूंचं माहेर. तिथल्या यात्रेला मला दोघांनी आग्रहाने नेलं होतं. मटणाचं जेवण, मांडवात चाळीस माणसांची पंगत, साडेसातला ताटं वाढली. त्या घरची रीत अशी की थोरल्या जावयाने पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीने अन्नाला हात लावायचा नाही. थोरले जावई म्हणजे आमचे फोरमन. त्यांनी तांब्या जवळ ओढला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. आठ वाजता खिशातून गोळी काढून घेतली. पंगतीत हालचाल झाली, बाह्या वर गेल्या. काका म्हणाले, "आता एक तास."

काकूंचा धाकटा भाऊ धावत आला. "दाजी, एक घास. नुसता तोंडाला लावा."

"घास म्हंजे जेवानच की."

"मग नुसतं सुरू करा म्हणा, बाकीच्यास्नी जेवू दे."

"रीत तुमची हाय. जावयानं मोडायची व्हय?"

तांबड्या रश्श्यावरचा तवंग हळूहळू गोठायला लागला. शेजारच्या ताटावरचे एक म्हातारे गृहस्थ मला हळूच विचारत होते की पावण्यांचं काही देण्याघेण्यावरनं बिनसलंय का. सव्वाआठला काकूंची आई, जिला धड उभं राहता येत नव्हतं, ती भिंत धरून बाहेर आली, जावयाच्या ताटातला भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून स्वतःच्या तोंडात टाकला आणि म्हणाली, "जावयाच्या वाटचं म्या खाल्लं. जेवा आता." चाळीस माणसं अन्नावर तुटून पडली. काकांनी नऊ वाजता गार मटण चवीने खाल्लं आणि मीठ बरोबर असल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षी त्या घरचं आमंत्रण आलं त्यात जेवणाची वेळ रात्री ठीक नऊ अशी होती.

हे सगळं त्यांच्या वहीत होतं. शाळेची दोनशेपानी वही, वर पुठ्ठ्याला खाकी कागद. गोळी कधी, जेवण कधी, चाल किती, पाय गार की गरम, सगळं मिनिटासकट. ही वही ते येईल त्याला वाचायला देत आणि येईल तो काहीतरी कारण काढून पळत असे. मीही पळायचे. दर महिन्याला ज्यांच्याकडे तपासायला जात त्या डॉक्टरीणबाईसुद्धा, "काका, छान, असंच लिहीत राहा," असं म्हणून वही न उघडता परत देत.

एकदा मी वैतागून म्हटलं होतं, "काका, पाच मिनिटांनी काय बिघडणार आहे?" तेव्हा ते चिडले नाहीत. पायावरचा लांबलचक व्रण चोळत म्हणाले, "कुणाचं तरी लेकरू आसंल ओ ते. न्हायतर कुणाचा तरी बाप. घरची मानसं रडत आसतील आणि तशात त्यांनी सही करून ही वस्तू दिली. नाव सांगत न्हाईत, न्हायतर जाऊन पाया पडून आलो आसतो. ते जमत न्हाय तर निदान येळ तरी पाळावी." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी एका तपासणी केंद्रात कामाला होते. सकाळी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि केंद्रावर द्यायचे. काकांच्या रक्तात गोळीचं प्रमाण किती आहे हे महिन्याला बघावं लागे आणि ते रक्त मीच काढत असे. या तपासणीत एकच गोष्ट सांभाळायची असते: रक्त सकाळची गोळी घेण्याआधी काढायचं. रात्रीच्या गोळीचं बारा तासांनी जे उरलं असेल, ते मोजायचं असतं. गोळी घेतल्यावर रक्त काढलं तर आकडा फुगलेला येतो आणि त्याचा काही उपयोग नसतो.

पहिल्या महिन्यात मी पावणेआठला खाली गेले आणि नियमाप्रमाणे विचारलं, "सकाळची गोळी घेतली नाही ना?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चोरी करताना सापडले होते. "आठाच्या आधी कशी घीन?"

मी पुन्हा कधी विचारलं नाही. दोन वर्षं सगळं सरळ चाललं. मग मला रंकाळ्याच्या बाजूचे दोन नवीन म्हातारे पेशंट मिळाले. त्यांना उपाशीपोटी साखर तपासायची असे, दोघेही भल्या पहाटे उठून सुई कधी टोचणार म्हणून फोन करत. मी विचार केला, काका काय घरचेच आहेत, त्यांचं शेवटी काढू. त्या दोघांकडून गाडी हाकत परत येईपर्यंत पावणेनऊ व्हायचे. काका पोर्चमध्ये बाही वर करून बसलेले असायचे. "मॅडम, पंचेचाळीस मिन्टं," एवढंच म्हणायचे. मी म्हणायचे, "ट्रॅफिक हो, काका," आणि रक्त काढून नळीच्या कागदावर वेळ लिहायचे, आठ. पावणेनऊ लिहिलं असतं तर केंद्रातले साहेब विचारणार. शिवाय त्या माणसासमोर पावणेनऊ हा आकडा लिहायची मला लाज वाटायची. आणि मला पक्कं वाटत होतं की रक्त दिल्याशिवाय हा गडी गोळीला हात लावणार नाही.

भाद्रपदात गोळीचं प्रमाण एकदम जास्त आलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पपनस वगैरे खाल्लंत का. पपनस खाल्लं की ही गोळी रक्तात नको तेवढी साठते, हे काकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घरात पपनसाला बंदी होती. गणपतीपुढच्या फळांत शेजारणीने पपनस ठेवलं तर ते काकांनी चिमट्यात धरून बाहेर नेलं होतं. आता त्यांनी रीतसर चौकशी सुरू केली. काकूंना विचारलं, मला विचारलं. आरतीला आलेल्या प्रत्येकाला, प्रसादाच्या वाटीत काय काय होतं, असं विचारलं. गडमुडशिंगीला फोन करून मेव्हण्याला सांगितलं की तू पाठवलेल्या पंचखाद्याचा मला संशय आहे. मेव्हणा म्हणाला, "दाजी, पंचखाद्यात पपनस कोण घालतंय?" काका म्हणाले, "तेच मी इचारतोय." मी वर खोलीत उशीत तोंड खुपसून हसत होते. आज ते हसणं आठवलं की अंगावर काटा येतो.

गुन्हेगार सापडला नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळी कमी केली. पुढच्या दोन महिन्यांत आकडा बरोबर येत गेला आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो.

मग काका तळ्यापर्यंत जायचे ते निम्म्या वाटेवरून परत यायला लागले. आधी म्हणाले ऊन आहे. मग म्हणाले चप्पल लागते. एके दिवशी सलूनच्या पायरीवर पोटरी धरून बसले आणि सलूनवाल्याने त्यांना गाडीवर बसवून घरी आणलं. काकूंनी पाय हातात घेतला तर तो थंड होता. त्यांनी दुसरा पाय हातात घेतला, पुन्हा पहिला घेतला, आणि मला हाक मारली.

दवाखान्यात मी सोबत गेले, कारण काकू म्हणाल्या, तुमाला त्यातलं कळतंय. आत काकांच्या पायाची सोनोग्राफी चालली होती. आत जाताना त्यांनी वही माझ्या हातात दिली होती. मी बाकावर बसले होते, मोबाईलची बॅटरी संपली होती, म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ती वही उघडली.

रक्त दिल्याचे दिवस लाल शाईने लिहिले होते. "८.०० गोळी. ८.४४ मॅडम आल्या. ८.४७ रक्त दिले." त्याच्या आधीच्या महिन्यात, "८.०० गोळी. ८.५१ मॅडम. ८.५३ रक्त." मी पानं मागे उलटत भाद्रपदापर्यंत गेले, तिथेही गोळी आधी आणि रक्त नंतर.

आकडे फुगलेले होते. त्या फुगलेल्या आकड्यांवरून गोळी कमी झाली होती. भावकी केव्हाच जागी झाली होती.

एवढ्यात आत बोलावलं. डॉक्टरीणबाई काकूंना समजावत होत्या, "बसवलेली रक्तवाहिनी जोडाजवळ आकसायला लागली आहे. शरीर ती नाकारतंय असं दिसतंय. पण मला कळत नाहीये, कारण गोळीचं प्रमाण अगदी बरोबर आहे. आता दुसरं, जास्त जोराचं औषध बघावं लागेल."

"आणि तेनं बी न्हाय झालं तर?" काकूंनी विचारलं.

"तर गुडघ्याखालून पाय वाचवणं अवघड आहे."

काका टेबलावर पाय लांब करून पडले होते. छताकडे बघत होते. मला त्या क्षणी पळून जावंसं वाटलं, हे मी कबूल करते. नोकरी दिसली, गारगोटीचं घर दिसलं. पण वही माझ्या हातात होती.

"मॅडम," मी म्हटलं, "ते प्रमाण बरोबर नाहीये. कागदावरची वेळ मी खोटी लिहिली आहे. रक्त गोळीनंतर काढलंय. भाद्रपदापासूनचे तिन्ही महिने."

डॉक्टरीणबाईंनी वही घेतली. ज्या वहीला त्या इतके दिवस हात लावत नव्हत्या ती त्यांनी उभ्यानेच पानामागून पान वाचली. मग खुर्चीत बसून म्हणाल्या, "म्हणजे गोळी खूपच कमी पडतेय यांना." मग काकांकडे वळल्या. "काका, रक्त देऊन मग गोळी, असं सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं हुतं," काका म्हणाले. "आणि आठ म्हंजे आठ ह्ये बी तुमीच सांगितलं हुतं. आठ वाजलं, रक्त न्यायला कोण आलं न्हाय. दोन हुकूम एकमेकांवर आलं. मला वाटलं येळेचा हुकूम मोठा."

मी रडत होते. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही, पुढे दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं. इतकी वर्षं दोन-दोन मिनिटांसाठी मला धारेवर धरणारा माणूस आता काय म्हणतो याची मी वाट बघत होते. त्यांनी मान वळवली.

"माल बिघडला की कागदावर सही फोरमनची आसती, पोराची न्हाय," ते म्हणाले. "मीच इचाराय पाहिजे हुतं. डोळं पुसा."

पाय वाचला. हे आत्ताच सांगून टाकते, कारण मला ही गोष्ट ताणायची नाही. खरं प्रमाण मोजून गोळी वाढवली, आकसलेल्या जागी आतून फुगा फुगवून वाट मोकळी केली, आणि चार महिन्यांनी काका पुन्हा तळ्यापर्यंत जाऊन लोकांच्या भिंतींकडे बघायला लागले. मी केंद्रात जाऊन खोटी वेळ लिहिल्याचं स्वतःच सांगितलं. साहेबांनी मला घरोघरच्या कामावरून काढून आत नळ्या धुवायला बसवलं आणि काकांकडे दुसऱ्या माणसाला पाठवायचं ठरवलं. काकांनी त्याला दारातूनच परत लावलं. साहेबांना फोन केला, "ज्या हातानं बिघडलं त्याच हातानं दुरुस्त होऊ दे. तिलाच पाठवा." साहेबांनी बराच वेळ वाद घातला म्हणे. शेवटी कंटाळून हो म्हणाले.

म्हणून दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर तिसऱ्या सकाळी खरं प्रमाण मोजायचं रक्त मीच काढायला गेले. साडेसातलाच खाली उतरले. काका खुर्चीत बसले होते, उजवी बाही वर, डाव्या तळहातावर गोळी. काकू दारात उभ्या. याच रक्तावर पुढचं सगळं ठरणार होतं, हे तिघांनाही माहीत होतं.

पट्टा बांधला. शीर लागेना. इतक्या महिन्यांच्या टोचण्यांनी त्यांच्या शिरा बारीक झाल्या होत्या, आणि माझी नजर सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती. पहिली सुई वाया गेली. थोडा वेळ थांबून दुसरी टोचली, तीही वाया गेली. दंडाला गरम पाण्याची पिशवी लावली, पुन्हा चाचपडायला लागले. भिंतीवर आठ वाजले. काकूंनी काकांच्या तळहाताकडे बघितलं. तो तसाच उघडा होता.

"काका, आठ झाले," मी म्हटलं.

"व्हय."

"आठ वाजून तीन."

"घड्याळाकडं बघू नका, हाताकडं बघा," काका म्हणाले. "सावकाश. मी थांबलोय की."

तिसऱ्या वेळी शीर लागली. रक्त नळीत उतरलं. मी कागद घेतला आणि वेळ लिहिली, आठ वाजून सात मिनिटं. काकांनी मान वाकवून ती वाचली, मग गोळी तोंडात टाकली आणि काकूंकडे पाणी मागितलं.